मध्ययुगातली भविष्यवाणी: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

नवा पोप निवडला गेला किंवा जगबुडीची नवी तारीख कुणी जाहीर केली की मध्ययुगीन युरोपबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे बदलतात, दावे तेच राहतात. इ.स. १००० उजाडताना अख्खा ख्रिस्ती युरोप जग बुडणार म्हणून कामधंदा सोडून बसला होता. भविष्यवाणी हा अडाणी लोकांचा नाद होता, शिकलेले त्यापासून लांब होते. दृष्टान्त होतात म्हणणाऱ्या बायकांना चर्चने चेटकीण ठरवून जाळलं. खऱ्या ठरणाऱ्या भविष्यवाण्या चर्चने दडपल्या, आणि पुरावा म्हणून बाराव्या शतकातल्या संत मॅलकीची पोपांची यादी. शेवटी निष्कर्ष असा की हे सगळं खूळ होतं, त्यातून इतिहासात काही घडलं नाही.

यातला पहिला दावा फुगवलेला आहे, दुसरा उलटा आहे, तिसऱ्यात एक खरा आणि वेदनादायक भाग आहे पण तो भलतीकडे वळवला आहे, चौथा बनावट कागदावर उभा आहे आणि पाचवा वाचून राग येतो, कारण त्यात मेलेली माणसं पुसली जातात. त्या समाजात भविष्यवाणी ही तपासायची, लिहून ठेवायची आणि सत्तेपुढे मांडायची गोष्ट होती. ज्याच्याकडे पद नाही, जमीन नाही, धर्मगुरूची दीक्षा नाही, अशा माणसाला राजाला किंवा पोपला तोंडावर जाब विचारण्याचा जवळजवळ एवढाच मान्य मार्ग होता. म्हणून तर तिला इतक्या चाळण्या लावल्या गेल्या.

"इ.स. १००० मध्ये सगळे जगबुडीची वाट पाहत होते"

पहिली अडचण कालगणनेची. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत डायोनिसियस एक्झिग्युअस या मठवासीने इ.स. ५२५ मध्ये ईस्टरच्या कोष्टकांसाठी काढली. पुढे बीड या इंग्रज मठवासीच्या ७२५ सालच्या कालगणनेवरच्या ग्रंथामुळे ती पश्चिम युरोपात रुजली, पण रुजली ती मुख्यतः मठांत. गावातला माणूस काळ मोजायचा तो राजाच्या नाहीतर बिशपच्या कारकिर्दीवरून आणि सणावारांवरून. ज्यांना सन ठाऊक होता त्यांचंही नवं वर्ष एका दिवशी लागत नव्हतं: कुठे २५ डिसेंबरला, कुठे २५ मार्चला, कुठे ईस्टरला. पूर्वेकडचं बायझंटाईन जग तर सृष्टीच्या आरंभापासून मोजत होतं, त्यांच्या हिशेबी ते साल ६५०८ होतं. त्यांचा धास्तीचा आकडा ७००० होता, आणि तो आला १४९२ मध्ये. रशियन चर्चची ईस्टरची कोष्टकं त्या सालापर्यंतच केलेली होती.

दुसरी अडचण शिकवणुकीची. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती हजार वर्षं शब्दशः घ्यायची नाहीत, ती चर्चच्या सबंध काळाची खूण आहे, असं ठरवून टाकलं होतं. काळवेळ जाणणं तुमचं काम नाही या ख्रिस्ताच्या वचनाचा आधार घेऊन तो म्हणतो की हिशेब करणाऱ्यांनी बोटं मोकळी सोडावीत. पुढची सातशे वर्षं प्रत्येक शिकलेल्या धर्मगुरूच्या अभ्यासात हे होतं.

मग भीती होती की नव्हती? थोडी होती, आणि तिची नोंदही आहे. फ्लरी मठाचा मठाधिपती आबो याने ९९५ च्या सुमारास फ्रान्सच्या राजांना लिहिलेल्या निवेदनात सांगितलं आहे की तरुणपणी पॅरिसच्या चर्चमध्ये त्याने एक प्रवचन ऐकलं: हजार वर्षं पुरी होताच ख्रिस्तविरोधक, म्हणजे जगाच्या शेवटाआधी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, येणार आणि मागोमाग अंतिम न्याय होणार. आबोने शुभवर्तमानं, प्रकटीकरण आणि दानिएलचा ग्रंथ यांच्या आधारे ते खोडून काढलं. त्याच निवेदनात दुसऱ्या एका अफवेचा उल्लेख आहे. लॉरेनच्या भागात लोक म्हणत होते की मरियेला देवदूताचा संदेश मिळाल्याचा सण, म्हणजे २५ मार्च, आणि शुभ शुक्रवार एकाच दिवशी आले की जग संपेल. हा योग ९७०, ९८१ आणि ९९२ मध्ये आला आणि गेला. म्हणजे भीतीला निमित्त होतं ते तिथीचा मेळ. तीन शून्यांचा गोल आकडा हे एकमेव कारण नव्हतं, आणि ज्याच्या लेखणीमुळे आपल्याला हे कळतं तो माणूस ती भीती मोडून काढत होता.

जुन्या दानपत्रांतल्या 'जगाचा अंत जवळ येत असल्याने' या वाक्याचा पुरावाही दिला जातो. ते वाक्य सातव्या शतकापासून दस्तऐवजांच्या मसुद्यात ठरलेलं होतं. लेखनिक ते सरावाने लिहायचे. खुद्द १००० साली सम्राट तिसरा ऑटो पोलंडमध्ये ग्नेझ्नोला जाऊन नवं आर्चबिशपपीठ उभं करत होता आणि हंगेरीत स्टीफनच्या राज्याभिषेकाची तयारी चालली होती. सार्वत्रिक घबराटीत कुणी अशा कामांना हात घालत नाही.

मग ही कथा आली कुठून? राऊल ग्लाबेर या मठवासीने तीस-चाळीस वर्षांनंतर लिहिलेल्या इतिहासात १००० आणि १०३३ (ख्रिस्ताच्या मृत्यूची हजार वर्षं) या सालांभोवती अपशकुन, दुष्काळ आणि जेरुसलेमच्या यात्रेकरूंची गर्दी रंगवली आहे. तो प्रामाणिकपणे चिंताग्रस्त होता, आणि काही इतिहासकार त्याच्या आधारे म्हणतात की चिंता कागदावर दिसते त्याहून खोल होती. तो वाद चालू आहे आणि चालावाही. पण 'अख्खा युरोप हातपाय गाळून बसला' हे चित्र रंगवलं ते नंतरच्या लेखकांनी, आणि ते घरोघरी पोचलं १९व्या शतकात, फ्रेंच इतिहासकार मिशलेच्या लेखणीतून.

"हा अडाण्यांचा नाद होता"

नेमकं उलट. भविष्यवाणीचं वाङ्मय बहुतांश लॅटिनमध्ये आहे, आणि ते लिहिणारे, नकलणारे, त्यावर टीका रचणारे विद्यापीठांतले आणि मठांतले लोक आहेत. मॉनमथच्या जेफ्रीने ११३५ च्या सुमारास ब्रिटनच्या दंतकथांतल्या मर्लिन या द्रष्ट्याच्या नावाने भविष्यं लिहिली, त्यांवर धर्मग्रंथावर लिहावं तशी भाष्यं लिहिली गेली. रॉजर बेकन हा ऑक्सफर्डचा विद्वान. त्याने १२६७ मध्ये पोप चौथ्या क्लेमेंटला पाठवलेल्या मोठ्या ग्रंथात आग्रह धरला की सिबिल ही प्राचीन भविष्यवादिनी, मर्लिन आणि योआकिम यांची भाकितं नीट अभ्यासली तर ख्रिस्तविरोधक केव्हा येणार याचा अंदाज चर्चला बांधता येईल.

हा योआकिम दक्षिण इटलीच्या कॅलाब्रियातल्या फिओरे मठाचा संस्थापक, मृत्यू १२०२. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे, कारण ती गणिताची आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत ४२ पिढ्या मोजल्या आहेत. जुना करार आणि नवा करार एकमेकांना समांतर चालतात असं गृहीत धरलं तर ख्रिस्तानंतरही ४२ पिढ्या हव्यात. पिढी ३० वर्षांची धरली की ४२ गुणिले ३० म्हणजे १२६०, आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातली स्त्री रानात राहते तेही १२६० दिवस. त्यावर त्याने इतिहासाचे तीन काळ उभे केले: पित्याचा, पुत्राचा आणि येऊ घातलेला पवित्र आत्म्याचा. योआकिमने स्वतः नेमकी तारीख द्यायचं टाळलं. आपल्याला मिळालं आहे ते शास्त्र समजण्याचं दान, असं तो सांगायचा. त्याच्या अनुयायांनी मात्र १२६० हे साल पक्कं केलं. १२५४ मध्ये बोर्गो सान दोन्निनोच्या जेरार्ड या फ्रान्सिस्कन भिक्षूने पॅरिसमध्ये जाहीर केलं की योआकिमचे ग्रंथ हेच नवं 'सनातन शुभवर्तमान', बायबलाच्या दोन्ही करारांची जागा घेणारं. पोपच्या आयोगाने १२५५ मध्ये अनान्यीला बसून ते तपासलं, आणि जेरार्डला उरलेलं आयुष्य कैदेत काढावं लागलं. योआकिमच्या त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरच्या) एका निबंधाला १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या लॅटरन महासभेने दोषी ठरवलं, पण त्याच ठरावात त्याच्या मठाला धक्का लागू नये असंही लिहिलं. इटालियन कवी दान्तेने तर आपल्या काव्यात त्याला थेट स्वर्गात बसवलं.

वैद्यही यात होते. विलानोव्हाचा आर्नाल्ड हा त्या काळचा नामांकित वैद्य. ख्रिस्तविरोधक १३७८ च्या सुमारास येणार असा हिशेब त्याने मांडला आणि १३०० मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांनी त्याला दोषी ठरवलं. पोप आठव्या बोनिफेसवर त्याचे उपचार चालू होते. पोपने त्याला सांगितलं की वैद्यकात लक्ष घाल, धर्मशास्त्रात नको, आम्ही तुझा मान ठेवू.

"बायकांना चेटकीण म्हणून जाळलं"

बिंगेनची हिल्डेगार्ड ही जर्मन मठवासिनी १०९८ मध्ये जन्मली. वयाच्या बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या वर्षी, ११४१ मध्ये तिने आपले दृष्टान्त लिहायला घेतले. ११४७-४८ मध्ये पोप तिसरा यूजीन ट्रियरला सभेसाठी आला असताना तिचं अपुरं लिखाण त्याच्यापुढे वाचलं गेलं आणि पुढे लिहायची परवानगी मिळाली. नंतर तिने सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला खडसावणारी पत्रं लिहिली, नगरोनगरी जाऊन धर्मगुरूंनाच उपदेश केला, आणि ८१ व्या वर्षी आपल्या मठात वारली. स्वीडनची ब्रिजेट १३७३ मध्ये वारली आणि अठरा वर्षांत, १३९१ मध्ये तिला संतपद मिळालं. सिएनाची कॅथरीन, कापड रंगवणाऱ्याची मुलगी, पोप अकराव्या ग्रेगरीला पोपचं तेव्हाचं ठाणं आविन्यों सोडून रोमला परत जा म्हणून पत्रांवर पत्रं लिहीत होती. तो जानेवारी १३७७ मध्ये रोमला पोचला. तिला १४६१ मध्ये संतपद मिळालं.

हे शक्य का झालं, ते तेराव्या शतकातला धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस याने मांडलेल्या नियमांत दिसतं. स्त्रीला धर्मगुरूची दीक्षा नाही, चर्चमध्ये अधिकाराने शिकवण्याची मुभा नाही. पण भविष्यवाणी हे पद नव्हे. ते दुसऱ्यांच्या भल्यासाठी दिलेलं दान, आणि ते देव कुणालाही देऊ शकतो, स्त्रीलाही, इतकंच काय पापी माणसालाही. त्यामुळे 'मी सांगते' असं म्हणायला जिला बंदी होती ती 'मला सांगितलं गेलं' असं म्हणू शकत होती. अट एकच: ते पारखून घेतलं जाईल. संदेशांचा धिक्कार करू नका पण सगळ्याची पारख करा, हे पौलाचं वचन या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे.

पारख कशी व्हायची याचे टप्पे माहीत आहेत. पॅरिस विद्यापीठाचा प्रमुख जाँ जेर्साँ याने १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या महासभेत ब्रिजेटचा विषय पुन्हा निघाला तेव्हा सहा प्रश्न एका लॅटिन ओळीत बांधून दिले. कोण: माणूस शहाण्या डोक्याचा आहे का, नवशिका उत्साही आहे का, आजारी आहे का, उपासांनी मेंदू शिणला आहे का. काय: सांगितलेलं सगळं खरं आणि धर्मग्रंथाशी जुळणारं आहे का, एकही वाक्य खोटं निघालं तरी थांबा. का: हेतू काय, लपवलेला लाभ कोणता. कुणाला: सल्ला कुणापुढे उघड केला. कसं: जगणं कसं आहे, एकांताच्या नावाखाली काय चाललं आहे. कुठून: देवाकडून, सैतानाकडून की स्वतःच्याच मनातून. या तिसऱ्या शक्यतेमुळे बहुतेक प्रकरणं शांतपणे मिटायची. मनाचा खेळ ठरला की ना संतपद, ना शिक्षा. जेर्साँ बायकांच्या बाबतीत जास्त संशयी होता, फार बोलणारी आणि सारखी पापनिवेदनाला (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला) येणारी बाई दिसली की सावध राहा असं तो लिहितो. हा पूर्वग्रह होता आणि त्याने नुकसान केलं.

ब्रिजेटच्या बाजूने तिचा पापनिवेदक आल्फोन्सो, पूर्वीचा स्पेनमधल्या हाएनचा बिशप, याने बचाव लिहिला. त्याच्या खुणा वेगळ्या: दृष्टान्त पाहणारी नम्र आहे का, गुरूच्या आज्ञेत राहते का, दृष्टान्तानंतर तिच्यात सद्गुण वाढतात का. इथे एक गोची आजच्या वाचकानेही ओळखावी. ब्रिजेट स्वीडिश बोलायची, पापनिवेदक ते लॅटिनमध्ये उतरवायचे, आणि आल्फोन्सोने खंडांची मांडणी केली. म्हणजे जो तिचा वकील होता तोच संपादकही होता. मूळ बाई काय म्हणाली आणि कुठे धर्मशास्त्राचा हात फिरला, हे वेगळं करणं अनेक ठिकाणी अशक्य आहे. हिल्डेगार्डचं लॅटिन फोल्मार हा मठवासी तपासायचा, कॅथरीनची बहुतेक पत्रं तिने सांगून लिहून घेतलेली आहेत.

आता जोन ऑफ आर्क, देवाकडचे आवाज ऐकू येतात म्हणणारी फ्रेंच खेड्यातली मुलगी. फिरत्या मजकुराचा सगळा भार तिच्यावर असतो. १४२९ च्या मार्चमध्ये राजपुत्र चार्ल्सने तिला प्वातिएला पाठवलं, तिथे धर्मशास्त्र्यांनी सुमारे तीन आठवडे तिला प्रश्न विचारले. त्यांतला एक, सेगँ, लिमूझँच्या बोलीत बोलायचा. आवाज कुठल्या भाषेत बोलतो असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तुमच्यापेक्षा चांगल्या. चिन्ह दाखव म्हणाले तर म्हणाली, मला ऑर्लेआंला न्या, चिन्ह तिथे दिसेल. मंडळाने ती दैवी आहे असं प्रमाणपत्र दिलं नाही. तिच्यात वाईट काही आढळत नाही, गरज मोठी आहे, ऑर्लेआंला पारख होऊ द्या, एवढंच सांगितलं. ८ मेला इंग्रजांनी ऑर्लेआंला घातलेला वेढा उठला. १७ जुलैला रॅंसला चार्ल्सचा राज्याभिषेक झाला.

दोन वर्षांनी रूआंला तिच्यावर खटला चालवला तो इंग्रजांच्या ताब्यातल्या प्रदेशात, इंग्रजांच्या पैशावर, बोव्हेचा बिशप पिएर कोशों याने. ३० मे १४३१ रोजी तिला जाळलं ते 'पुन्हा पाखंडात शिरली' या आरोपावर; पुरुषी वेश परत घातल्याची गोष्ट त्यात मुख्य होती. ७ जुलै १४५६ रोजी पोपच्या आज्ञेने बसलेल्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्याच बाईला, त्याच आवाजांसाठी, तेच शास्त्र शिकलेल्या दोन मंडळांनी दोन उलट उत्तरं दिली. पारखण्याची पद्धत कुठे मोडते ते इथे दिसतं: 'का' आणि 'कुठून' हे प्रश्न परीक्षक ज्याच्या बाजूने बसला आहे त्याच्या सोयीने सुटतात.

जाळलेल्यांच्या यादीत मार्गरेट पोरेटचं नाव येतं, १ जून १३१०, पॅरिस. तिने भविष्य सांगितलं नव्हतं. बंदी घातलेलं स्वतःचं पुस्तक ती मागे घेईना. चेटकीण-खटल्यांची मोठी लाट १५६० ते १६३० च्या आसपासची, म्हणजे मध्ययुग सरल्यावरची, आणि त्यांतले आरोप करणी करण्याचे आणि सैतानाशी करार केल्याचे आहेत. भविष्यवाणीमुळे जीव गेलेल्यांत पुरुष ठळक दिसतात. फ्लॉरेन्सचा प्रवचनकार भिक्षू साव्होनारोला, २३ मे १४९८, आधी फाशी, मग प्रेत जाळलं. आणि वेकफिल्डचा पीटर, त्याला तर चर्चने नव्हे, राजाने मारलं. पीटर हा साधा माणूस सांगत फिरला की येत्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत जॉन हा इंग्लंडचा राजा राहणार नाही. तो सण १२१३ मध्ये २३ मेला होता. जॉनने त्याला कैदेत ठेवलं, तो दिवस सुखरूप पार पडल्यावर उत्सव केला आणि पीटरला मुलासह फासावर दिलं. पण १५ मेलाच जॉनने आपला मुकुट पोपच्या प्रतिनिधीच्या हाती देऊन राज्य पोपची जहागीर म्हणून परत घेतलं होतं. लोक म्हणू लागले, पीटर खरं बोलला.

"खऱ्या भविष्यवाण्या दडपल्या, मॅलकीची यादी बघा"

मॅलकी हा आयर्लंडमधल्या आर्माचा आर्चबिशप, मृत्यू ११४८. त्याच्या नावावरची यादी ११२ छोट्या लॅटिन वाक्यांची, दुसऱ्या सेलेस्टिनपासून (११४३) शेवटच्या पोपपर्यंत. ती पहिल्यांदा छापली गेली १५९५ मध्ये, आर्नोल्ड व्हिऑन या बेनेडिक्टाईन संघातल्या मठवासीच्या ग्रंथात. मधल्या साडेचारशे वर्षांत तिचा कुठे मागमूस नाही. क्लेर्व्होच्या बर्नार्डने आपल्या या मित्राचं चरित्र लिहिलं, त्यातही तिचा उल्लेख नाही.

आता यादी हातात घेऊन नुसती वाचत जा. १५९० पर्यंत प्रत्येक वाक्य घट्ट बसतं. सेलेस्टिनसाठी 'टायबरच्या गढीतून': तो टायबरकाठच्या चित्ता दि कास्तेल्लोचा. चौथ्या एड्रियनसाठी 'पांढऱ्या माळरानावरून': तो इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स भागातला, आणि 'अल्बस' म्हणजे पांढरा. जन्मगाव, घराण्याचं चिन्ह, आधीचं पद, सगळं चोख. १५९० नंतर वाक्यं एकदम धूसर होतात आणि अर्थ ओढूनताणून लावावा लागतो. सोळाव्या बेनेडिक्टचं 'ऑलिव्हचं वैभव' जुळवायला बेनेडिक्टाईन संघाच्या ऑलिव्हेतन शाखेपर्यंत जावं लागलं, आणि तो त्या संघाचा सदस्यही नव्हता. जिथे अचूकता तुटते तिथेच कागद लिहिला गेला. हे कोणत्याही जुन्या भाकिताला लावता येणारं सर्वांत भरवशाचं माप आहे. शेवटचं वाक्य 'रोमन पीटर' २०१३ मध्ये पोप फ्रान्सिसला चिकटवलं गेलं; ते २१ एप्रिल २०२५ रोजी वारले आणि ८ मेला चौदावे लिओ निवडले गेले. यादी संपली, पोपपद चालू आहे.

हीच कारागिरी खऱ्याखुऱ्या मध्ययुगातही चालायची. १२४० च्या सुमारास मंगोल पूर्व युरोपात घुसले तेव्हा लेबनॉनच्या देवदारांचं एक भाकीत फिरू लागलं. पूर्व भूमध्य किनाऱ्यावरची ख्रिस्ती शहरं, १२८९ मध्ये (लेबनॉनमधली) त्रिपोली आणि १२९१ मध्ये अक्र, मुसलमान सैन्यांनी जिंकल्यावर त्याच मजकुराला नवं प्रवेशदृश्य जोडलं गेलं: १२८७ मध्ये त्रिपोलीच्या एका मठात मिस्सा चालू असताना वेदीवरच्या कापडावर एक हात प्रकट झाला आणि त्याने लिहिलं की त्रिपोली पडेल, अक्र पडेल. दोन्ही पडून गेली होती, पण तारीख आधीची टाकल्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं, एवढं खरं ठरलं तर पुढचंही ठरेल. काळ्या मरीच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत तोच मजकूर पुन्हा निघाला. पत्रिकेच्या भाकितांचंही तसंच. सप्टेंबर ११८६ मध्ये सगळे ग्रह तूळ राशीत येऊन प्रलयकारी वादळं होणार असं सांगणारं तोलेदोचं पत्र आदल्या काही वर्षांत युरोपभर गेलं. वादळं झाली नाहीत, आणि तारखा बदलून ते पत्र पुढची शतकं फिरत राहिलं.

न घडलेल्या भाकिताचं काय करायचं, यालाही शास्त्रात जागा होती. धमकीचं भाकीत सशर्त असतं, असं अक्वायनस सांगतो. चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल असं योनाने सांगितलं, लोकांनी पश्चात्ताप केला, शहर वाचलं; योना खोटा ठरला नाही. माणसं बदलावीत म्हणूनच ते सांगितलेलं असतं. प्रत्येकाला हे पटायचं असं नाही. सालिम्बेने हा फ्रान्सिस्कन इतिवृत्तकार योआकिमचा पक्का अनुयायी होता. ज्याला हे लोक ख्रिस्तविरोधक मानत होते तो सम्राट दुसरा फ्रेडरिक काहीच न घडवता १२५० मध्ये वारला, मग १२६० ही सरलं, तेव्हा त्याने तो नाद सोडून दिला आणि यापुढे डोळ्यांनी दिसेल तेच मानीन असं लिहून ठेवलं.

आणि दडपणूक? जाँ द रोक्ताय्याद या फ्रान्सिस्कनाला १३४४ पासून कोठडीत टाकलं होतं. आविन्योंला, खुद्द पोपच्या कैदेत बसून त्याने १३४९ आणि १३५६ मध्ये येणाऱ्या संकटांवर ग्रंथ लिहिले. कार्डिनल त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचे, ग्रंथांच्या नकला बाहेर जायच्या. संशयही आणि गरजही, अशी ती अवस्था होती. नियम बांधला गेला तो उशिरा, १९ डिसेंबर १५१६ रोजी पाचव्या लॅटरन महासभेत: प्रवचनकाराने ख्रिस्तविरोधकाची किंवा अंतिम न्यायाची ठरावीक वेळ सांगू नये, कुणाला दैवी संदेश मिळालाच तर तो आधी पोपकडे पाठवावा, आणि उशीर चालण्यासारखा नसेल तर स्थानिक बिशपने तीन-चार विद्वान सोबत घेऊन तपासावा.

"त्याने इतिहासात काही घडलं नाही"

मे १०९६ मध्ये ऱ्हाईनकाठच्या मेन्झ शहरात काउंट एमिखोच्या जमावाने ज्यू वस्तीची कत्तल केली. त्या काळच्या हिब्रू वृत्तान्तात नोंद आहे की एमिखो स्वतःच्या अंगावर दैवी खूण उमटल्याचं आणि इटलीत आपल्याला मुकुट मिळणार असल्याचं सांगत होता. सातव्या शतकाच्या अखेरीस सिरियाक भाषेत लिहिलेल्या आणि लॅटिनमध्ये आलेल्या एका भाकितातली, जगाच्या अंताआधी राज्य करणाऱ्या 'शेवटच्या सम्राटा'ची कल्पना तेव्हा सगळीकडे माहीत होती.

पाचव्या क्रुसेडने, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या सैन्याने, ५ नोव्हेंबर १२१९ ला इजिप्तमधलं दमिएता जिंकलं. त्यानंतर कार्डिनल पेलाजियसने अरबी भाषेतली भविष्याची पुस्तकं भाषांतरित करून सैन्याला वाचून दाखवली. त्यांत इजिप्त पडणार असं होतं, आणि पूर्वेकडून राजा दावीद नावाचा ख्रिस्ती राजा मदतीला निघाल्याची बातमीही त्याच सुमारास आली होती. पूर्वेला खरोखर हलत होती ती चंगीजखानाची फौज. १२२१ च्या जुलैत, नाईलला पूर येण्याच्या तोंडावर, सैन्य कैरोकडे निघालं. सुलतानाच्या माणसांनी बांध फोडले, वाटा पाण्याखाली गेल्या, आणि ऑगस्टअखेर शरण येऊन दमिएता परत द्यावं लागलं.

१३७० मध्ये ब्रिजेटने पोप पाचव्या अर्बनला बजावलं की आविन्योंला परत गेलास तर मरशील. तो सप्टेंबरमध्ये गेला आणि १९ डिसेंबरला वारला. पुढच्या पोपवर कॅथरीनच्या पत्रांचा एवढा दाब का पडला, त्याला ही ताजी आठवण हे एक कारण आहे. वेल्समध्ये इंग्रज राजाविरुद्ध बंड करणाऱ्या ओवेन ग्लिंदूरने १४०५ मध्ये दोन साथीदारांबरोबर राज्याच्या वाटणीचा करार केला, त्यात मर्लिनच्या भाकिताचा हवाला आहे.

आपल्या किनाऱ्यापर्यंतही हा धागा येतो. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल आणि त्याच्या दरबारातली काही माणसं हिंदी महासागरातल्या मोहिमेकडे निव्वळ मिरीच्या व्यापाराच्या नजरेने बघत नव्हती. तांबडा समुद्र बंद करायचा, पूर्वेकडचा दंतकथेतला ख्रिस्ती राजा प्रेस्टर जॉन शोधून त्याच्याशी हात मिळवायचा आणि जेरुसलेम सोडवायचं, ही मध्ययुगीन भाकितांतून आलेली योजना त्यांच्या डोक्यात होती. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर दोन वर्षांनी, डिसेंबर १५१२ मध्ये, इथिओपियाच्या राणी एलेनीचा दूत मातेउस दाभोळमार्गे गोव्यात पोचला. आल्बुकर्कने त्याला प्रेस्टर जॉनचा वकील म्हणून सन्मानाने उतरवून घेतलं आणि पुढे लिस्बनला पाठवलं. त्याच्यासोबत परतीच्या वकिलातीवर मानुएलने दुआर्त गाल्व्हाँ या म्हाताऱ्या मुत्सद्द्याला नेमलं. जेरुसलेम मानुएलच्याच हातून सुटणार यावर त्याचा पक्का विश्वास होता. १५१७ मध्ये तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर तो वारला, आणि वकिलात इथिओपियात उतरली ती १५२० मध्ये.